कातळावरून खाजणात : मुलं हॉलंडात घर घेतात तेव्हा

रत्नागिरी, चिपळूण, मालवणकडची कितीतरी मुलं आज आयंडहोवन, ॲम्स्टेलव्हेन, उट्रेख्त, द हेग इथे नोकरीला आहेत. चार-पाच वर्षं भाड्याच्या घरात काढली, घरात लहान मूल आलं, की स्वतःच्या घराचा विषय निघतोच. मग व्हिडिओ कॉलवर घरं दिसायला लागतात. विटांचं दुमजली घर, दारात सायकली, मागे हिरवळीचा चौकोन. इकडून आई-बाबा विचारतात, जागा कोणाच्या नावावर? पाया कशावर? पाणी कुठून येतं, कुठे जातं? वाट कोणाच्या हद्दीतून? तिकडून उत्तर येतं, "बाबा, इथे तसलं काही नसतं."

असतं. सगळं असतं. कोकणात घर घेताना जाणतं माणूस जे चार प्रश्न विचारतं, तेच हॉलंडात विचारायचे. उत्तरं तेवढी वेगळ्या कागदांत सापडतात. ते कागद कुठले, त्यात काय बघायचं, आणि न बघितल्यास काय अंगाशी येतं, ते इथे सविस्तर देतो. मुलांनी वाचावं, आणि इकडून पैशाची मदत करणाऱ्या आई-बाबांनीही वाचावं.

खाजणात वसलेलं शहर

ज्याने खाजण बघितलंय त्याला हॉलंडची जमीन समजायला वेळ लागत नाही. खाडीच्या कडेने बांध घालायचा, भरतीचं पाणी बाहेर अडवायचं, ओहोटी लागली की उघडीतून आतलं पाणी सोडायचं आणि आत भात लावायचा. डचांचा 'पोल्डर' म्हणजे हेच. भाताच्या जागी तिथे शहर उभं आहे आणि उघडीच्या जोडीला पंप चालतात. ॲम्स्टरडॅमच्या पूर्वेला वॉटरग्राफ्समेर म्हणून भाग आहे. भरपूर झाडी, फ्रँकेंडाल पार्क, हाकेच्या अंतरावर शाळा, म्हणून लहान मुलांच्या कुटुंबांचा आवडता. ते मूळचं तळं. १६२९ साली उपसून कोरडं केलं, आणि आजही तिथली जमीन समुद्रसपाटीच्या जवळपास पाच मीटर खाली आहे.

बांध फुटला की खाजणाचं काय होतं ते आपल्याकडे सांगायला नको. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं पीक गेलं. तिकडे १९५३ च्या फेब्रुवारीत वादळाने समुद्राचे बांध फुटले आणि १,८३६ माणसं गेली. म्हणून बांध, पंप आणि कालव्यांची पातळी सांभाळायला 'वॉटरस्खाप' नावाच्या वेगळ्या निवडून आलेल्या संस्था आहेत. देशभरात अशा २१. त्यांचा कर दरवर्षी घरटी येतो. नगरपालिकेची घरपट्टी आणि गटाराची पट्टी वेगळी. खर्चाचा अंदाज बांधताना हे तिन्ही धरा.

घर बघायला जायच्या आधी पत्ता टाकून पुराची खोली दाखवणाऱ्या 'ओव्हरस्ट्रोम इक' या संकेतस्थळावर ती जागा बघून घ्यावी. जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत कुठवर चढलं ते ज्यांनी बघितलंय, ते अशा नकाशावर हसणार नाहीत. समुद्राचा किंवा मोठ्या नदीचा मुख्य बांध फुटून झालेलं नुकसान तिथल्या नेहमीच्या घरविम्यात बहुधा धरत नाहीत, हेही आधीच वाचून घ्या.

पाया : इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

आपलं घर जांभ्याच्या चिऱ्याचं आणि कातळावर बसलेलं. पाया खणायला गेलं तर पहार वाजते. त्यामुळे घर खचतं ही कल्पनाच आपल्या डोक्यात नसते. ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम, झानडॅम, गौडा या पश्चिमेकडच्या शहरांत वर मऊ चिखल आणि कुजलेल्या पाल्याची काळी माती आहे, टणक वाळू खूप खाली. तिथे जुनी घरं लाकडी खांब ठोकून त्यावर उभी केली आहेत. ॲम्स्टरडॅमचा राजवाडासुद्धा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू काँक्रीटचे खांब आले.

लाकूड पूर्ण पाण्याखाली असेपर्यंत टिकतं, कारण तिथे हवा पोचत नाही आणि बुरशी धरत नाही. विहिरीत बुडालेला ओंडका वर्षानुवर्षं तसाच राहतो, कुजतो तो पाण्याच्या रेषेपाशी. तिकडेही हेच होतं. कडक उन्हाळा, गळकं गटार जमिनीतलं पाणी ओढून नेणं, किंवा पंपांनी पातळी खाली ठेवणं, यातल्या कशानेही भूजल उतरलं की खांबांची डोकी उघडी पडतात आणि तिथून कूज सुरू होते. काही ठिकाणी लाकूड धड असतं, पण भोवतालची माती खचताना खांबांना आपल्यासोबत खाली ओढते. दोन्हीचा शेवट एकच, घर बसायला लागतं.

पाया नव्याने करायचा खर्च एका घराला लाखभर युरोपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. विमा देत नाही. आणि ओळीने चिकटून असलेल्या घरांच्या भिंती सामाईक असल्यामुळे एकट्याने काम करून भागत नाही, शेजाऱ्यांनीही होकार द्यावा लागतो. सातबाऱ्यावर वीस नावं असली की एक सही मिळवायला मुंबईच्या किती खेपा होतात ते आपल्याला ठाऊक आहे. हे तसंच दुखणं आहे, फक्त जमिनीखाली.

आयंडहोवनकडे मात्र वाळूची टणक जमीन आहे, तिथे खांबांशिवाय थेट जमिनीवर पाया चालतो. द हेगमध्ये एकाच शहरात दोन्ही प्रकार आहेत. समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्यांवरचे भाग वेगळे आणि आतले मऊ मातीचे भाग वेगळे. त्यामुळे 'हॉलंडात पाया खराब असतो' किंवा 'चांगला असतो' असं सरसकट काहीच बोलता येत नाही. गल्लीनिशी चौकशी करावी लागते. नगरपालिकेकडे त्या ओळीतल्या घरांच्या पायाच्या तपासणीचे अहवाल असू शकतात, ते मागायचे. शेजारच्या घराचा पाया गेल्या काही वर्षांत दुरुस्त झाला असेल, तर आपल्या घराचा का झाला नाही, हा पुढचा प्रश्न.

पायाचं दुखणं भिंत बोलून दाखवते. घर बघायला अर्धा तास मिळतो, त्यातली पहिली पाच मिनिटं रस्त्यावर उभं राहून समोरची भिंत बघण्यात घालवा. खिडकीच्या कोपऱ्यापासून निघून विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने उतरत गेलेली तिरकी चीर दिसली, आणि ती एका टोकाला केसाएवढी आणि दुसऱ्या टोकाला बोटाचं नख शिरेल एवढी असेल, तर घराची एक बाजू खाली जाते आहे. सांधा नुकताच भरला असेल तर त्या पट्ट्यातला मसाला बाकीच्यापेक्षा फिकट आणि गुळगुळीत दिसतो. खिडक्यांच्या वरच्या रेषा शेजारच्या घराशी जुळतात का ते बघा. मग आत जाऊन दारं लावून बघा. दाराची वरची कड एका बाजूला तासलेली असेल, तर चौकट वाकडी झाली म्हणून दार बसवून घेतलंय. फरशीवर गोटी ठेवून बघायला लाजू नका.

पुढच्या दाराच्या आत पायपुसण्याखाली बहुतेक घरांत एक झाकण असतं. ते उचललं की जमीन आणि तळमजला यांच्यामधली रांगत जाण्याइतकी पोकळी दिसते. मोबाइलची बॅटरी मारून आत बघायचं. थोडी ओल चालते, साचलेलं तळं चालत नाही. १९६५ ते १९८० च्या सुमारास बांधलेल्या काही घरांत क्वायटाल आणि मांता या नावांच्या काँक्रीटच्या तयार जमिनी बसवल्या आहेत. लवकर सुकावं म्हणून त्यात क्लोराईड घातलं होतं, आणि आता आतली सळई गंजून खालून खपल्या पडतात. समुद्रकाठच्या आपल्या स्लॅबचं खाऱ्या वाऱ्याने जे होतं तेच. वरून लाकडी फरशी चकचकीत असते, खालून बघितल्याशिवाय कळत नाही.

आणखी दोन गोष्टी लहान मूल असेल तर सोडू नयेत. १९६० च्या आधीच्या घरात पाण्याचे नळ शिशाचे असू शकतात. करडा, मऊ, किल्लीने ओरखडलं की चकाकणारा पाइप म्हणजे शिसं, आणि त्या नळाचं पाणी बाळाच्या दुधात वापरायचं नाही. १९९४ च्या आधीच्या घरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, बहुधा शेडच्या छपरात, धुराड्याच्या पाइपात किंवा जुन्या फरशीखाली. ते न हलवता तसंच असेल तर लगेच धोका नाही, पण काढायचं म्हटलं की खर्च मोठा.

हे सगळं घरच्याने बघून झालं तरी परवानाधारक तपासनिसाकडून पूर्ण तपासणी करून घ्यावीच. साधारण ४०० ते ६०० युरो लागतात. मात्र नेहमीच्या तपासणीत जमिनीखालचे खांब खणून बघत नाहीत. त्यासाठी पायाची वेगळी तपासणी असते, आणि १९७० च्या आधीचं, पश्चिमेकडचं घर असेल तर आमच्या मते तिच्याशिवाय सही करू नये.

त्यांचा सातबारा

जमिनीच्या मालकीची नोंद 'कडास्टर' या सरकारी संस्थेकडे असते. थोडे युरो भरले की कोणालाही मालकाचं नाव, क्षेत्र, बोजा बघता येतो. आपल्याकडे 'इतर हक्क' रकान्यात जे शोधायचं असतं ते तिथे सुविधाधिकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून जाण्या-येण्यासारख्या हक्कांच्या, नोंदीत शोधायचं. सगळ्यात सर्रास सापडणारी गोष्ट म्हणजे परसामागून जाणारी अरुंद वाट. ओळीतल्या सगळ्या घरांना सायकल मागच्या दाराने आत न्यायला ती लागते. ती वाट तुमच्या हद्दीतून असेल तर वहिवाट बंद करता येत नाही, कुंपण घालून शेजाऱ्याला अडवता येत नाही. पाखाडीवरून भांडणं आपल्याकडे जेवढी होतात, तेवढी तिथेही होतात.

ॲम्स्टरडॅममध्ये जमिनीचा आणखी एक प्रकार आहे, 'एर्फपाख्त'. घर तुमचं, जमीन नगरपालिकेची, आणि तिचं भाडं दरवर्षी भरायचं. १८९६ पासून ही पद्धत आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'भाडं अमुक सालापर्यंत एकरकमी भरलेलं'. ते साल बघा. साल १० वर्षांवर आलं असेल, तर त्यानंतर भाडं नव्याने ठरतं, आणि आजची स्वस्ताई तेव्हा महागात पडते. २०१६ पासून ॲम्स्टरडॅममध्ये कायमस्वरूपी भाडेपट्ट्याचा पर्याय आला. विकणाऱ्याने तो घेतलाय का, कोणत्या अटींवर घेतलाय, हे लेखी विचारायचं.

फ्लॅट असेल तर सोसायटीचे कागद. तिथल्या मालकसंघाने राखीव निधीत दरवर्षी इमारत नव्याने बांधायच्या खर्चाच्या अर्धा टक्का किंवा दीर्घकालीन देखभालीच्या आराखड्याप्रमाणे रक्कम टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. मागच्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं वाचायची. छप्पर, लिफ्ट, पाया यावर सभेत वाद झालेला असेल तर तो तिथे लिहिलेला सापडतो.

पैसा : किती, कुठून, कसा

हॉलंडात बँक घराच्या मूल्यांकनाच्या पूर्ण १०० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, पगार पुरेसा असेल तर. हे ऐकून इकडे सगळे निवांत होतात. पण मूल्यांकनावर जे देते ते मूल्यांकनापर्यंतच. बोली त्याच्या वर गेली तर फरक खिशातून, आणि खरेदीचा खर्चही खिशातून.

उदाहरण घ्या. घराची मागणी ४ लाख ७५ हजार युरो. चांगल्या वस्तीत मागणीच्या वर बोली लावावी लागते, म्हणून ५ लाख १० हजारला घर मिळालं. मूल्यांकन आलं ५ लाखाचं. कर्ज ५ लाख, वरचे १० हजार स्वतःचे. हस्तांतरण कर २ टक्के म्हणजे १०,२००. नोटारी, मूल्यांकन, कर्जसल्लागार, तपासणी आणि खरेदीचा एजंट मिळून सात ते दहा हजार. म्हणजे २७ ते ३० हजार युरो रोख हाताशी हवेत, रंग-फर्निचर सोडून. खरेदीदार ३५ वर्षांच्या आतला असेल, ही सवलत पहिल्यांदाच घेत असेल, स्वतः राहणार असेल आणि घर ठरलेल्या मर्यादेत असेल (२०२५ साली ५ लाख २५ हजार), तर तो २ टक्के कर माफ होतो. नवरा ३४ आणि बायको ३६ असेल तर माफी फक्त नवऱ्याच्या हिश्शाला. ३५वा वाढदिवस आणि खरेदीखताची तारीख यांचं गणित जमवायला हवं, कारण वय मोजतात ते खरेदीखताच्या दिवशी.

आता इकडच्या मदतीचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार अमेरिकन डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो खर्च नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. आई आणि बाबा दोघांनी आपापल्या खात्यातून, आणि जमलं तर मार्चमध्ये थोडे, एप्रिलमध्ये थोडे पाठवले तर कपात कमी बसते. मुलाला दिलेली भेट भारतात करपात्र नाही. देणारे भारतात राहणारे भारतीय असतील तर डच भेटकरही लागत नाही. तिथली बँक मात्र दोन कागद मागते. ही भेट आहे, परतफेड नाही, असं सहीनिशी पत्र, आणि पैसा इकडे कुठून आला त्याचा पुरावा.

हा दुसरा कागद कोकणात अडतो. आंब्याचे पैसे बरेचदा रोखीत येतात. कलमं दलालाला दिली, हंगाम संपला, हिशेब वहीत. डच बँक वही मानत नाही. म्हणून मदत करायचं मनात असेल तर निदान एक हंगाम आधीपासून सगळी रक्कम खात्यात बँकेमार्फत येऊ द्या. जमीन विकून देणार असाल, तर ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण 'ग्रामीण' म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीपासून किती लांब हे लोकसंख्येवरून ठरतं. १० हजार ते १ लाख लोकवस्तीच्या गावाला हे अंतर २ किलोमीटर आहे. रत्नागिरी, चिपळूणलगतच्या जागेला ते मोजूनच बघावं लागेल.

आमचं स्पष्ट मत असं, की त्या २७-३० हजार युरोंसाठी आगर किंवा कलमांची बाग विकू नये. तिथला पगार ती रक्कम दोन-तीन वर्षांत साठवतो. विकलेली जमीन परत मिळत नाही, आणि एकदा शेतकरी दाखल्याला आधारच उरला नाही की पुढची पिढी महाराष्ट्रात शेतजमीन घेऊही शकत नाही.

आणि बाबांचं नाव घरावर लावू नका. प्रेमाने लावावंसं वाटतं, पण जो घरात राहणार नाही त्याच्या हिश्शाला २ टक्क्यांचा दर मिळत नाही. २०२५ पर्यंत तो १०.४ टक्के होता, २०२६ पासून ८ टक्के. शिवाय परदेशातली मालमत्ता म्हणून बाबांना ती दरवर्षी भारतातल्या विवरणपत्रात दाखवावी लागते.

साठेखत ते खरेदीखत

बहुतेक घरं 'फुंडा' या संकेतस्थळावर येतात. विकणाऱ्याचा एजंट म्हणजे मकेलार विकणाऱ्याचंच हित बघतो. घर दाखवताना तो कितीही गोड बोलला तरी तो आपला नाही. स्वतःचा खरेदीचा मकेलार नेमणं पहिल्या घराला तरी फायद्याचं, कारण त्या गल्लीत खरे व्यवहार कितीला झाले हे त्याला माहीत असतं. बोली बंद लिफाफ्यासारखी लागते. २०२३ पासून मकेलारांच्या संघटनांनी बोलींची नोंदवही ठेवणं आपल्या सभासदांना बंधनकारक केलंय, व्यवहार झाल्यावर बोली लावणाऱ्यांना ती बघता येते.

बोली मान्य झाली तरी लेखी करार होईपर्यंत कोणी बांधील नाही. हा करार म्हणजे त्यांचं साठेखत. सही केलेली प्रत हातात पडली की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचाराची मुदत, त्यात किमान दोन कामाचे दिवस हवेत. या मुदतीत खरेदीदार कारण न देता माघार घेऊ शकतो. त्यानंतर माघार घेतली तर किमतीच्या १० टक्के दंड. आमच्या उदाहरणात ५१ हजार युरो. म्हणून करारात सुटकेच्या अटी घालतात. एक, ठरलेल्या मुदतीत कर्ज मिळालं नाही तर करार रद्द. दुसरी, तपासणीत अमुक रकमेच्या वर दुरुस्ती निघाली तर रद्द. गर्दीच्या बाजारात बोली आकर्षक व्हावी म्हणून या अटी सोडायचा सल्ला मिळतो. तपासणीची अट सोडायचीच असेल तर बोलीआधी तपासनीस नेऊन आणावा. कर्जाची अट व्हिसावर असलेल्या माणसाने कधीही सोडू नये. नोकरीचा करार मुदतीचा असेल तर मालक पुढे कायम करणार असल्याचं पत्र बँकेला लागतं, आणि ते पत्र मिळेपर्यंत काही खरं नसतं.

करारात दोन कलमं हमखास आढळतात. 'घर जुनं आहे, दोष असू शकतात' आणि 'विकणारा स्वतः इथे राहिलेला नाही, त्याला दोष माहीत नाहीत'. दोन्हींचा अर्थ एकच, पुढे काही निघालं तर ते खरेदीदाराच्या माथी. ही कलमं असलेल्या घराची तपासणी दुप्पट काळजीने करा.

खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नाही, नोटारीकडे होतं. आपल्याकडच्या शिक्का मारणाऱ्या नोटरीशी त्याचा संबंध जोडू नका. तो कडास्टर तपासतो, बोजा फेडून घेतो, पैसा त्याच्या वेगळ्या खात्यातून जातो आणि नोंद तोच करतो. डच भाषा येत नसेल तर दुभाष्याचा खर्च धरा. नोटारी लग्नाची चौकशी करतो, कारण कोणत्या देशाचा वैवाहिक मालमत्तेचा कायदा लागू हे त्याला ठरवायचं असतं. इथे आई-बाबांची धावपळ होते. लग्न गावी झालेलं, फोटो आहेत, नोंदणी नाही. विवाह नोंदणीचा दाखला काढणं, त्यावर राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, यात आठवडे जातात. घर बघायला लागण्याआधीच हे करून ठेवावं.

हिरवळ, शाळा, शेजार

आपल्याकडे सावली शोधतात, तिकडे ऊन. म्हणून मागची बाग दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर जाहिरातीत ते ठळक लिहितात आणि किंमतही वाढते. होकायंत्र उघडून स्वतः खात्री करा. परसातलं मोठं झाड स्वतःचं असलं तरी तोडायला अनेक नगरपालिकांत परवाना लागतो. नवं झाड हद्दीपासून दोन मीटर आत, वई अर्धा मीटर आत, असा कायदा आहे, स्थानिक नियम वेगळा नसेल तर. मागचं कुंपण दोन मीटरपर्यंत आणि पुढचं एक मीटरपर्यंत विनापरवाना. गडगा घालायची आपली हौस तिथे यातच बसवायची.

रस्त्याच्या तोंडाशी घर आणि खेळणारं मूल काढलेली निळी पाटी असेल तर तो 'वोनएर्फ'. तिथे गाडी माणसाच्या चालीने चालवायची, मुलं रस्त्यावर खेळू शकतात. लहान मुलांसाठी हा पाटीवाला रस्ता पार्कापेक्षा मोलाचा, कारण रोज दाराबाहेर पडताच मिळतो.

शाळा चौथ्या वाढदिवसानंतर सुरू होते, पाचव्या वर्षापासून सक्तीची. ॲम्स्टरडॅममध्ये घरापासून जवळच्या आठ शाळांत मुलाला अग्रक्रम असतो, म्हणून पत्ता पक्का करण्याआधी त्या आठ कुठल्या ते बघा. शाळेनंतरच्या पाळणाघराची प्रतीक्षायादी आणि त्या भागातले डॉक्टर नवीन रुग्ण घेतात का, हे दोन फोन आधी करा. घर घेऊन झाल्यावर डॉक्टर 'यादी भरली' म्हणतात तेव्हा पंचाईत होते. ॲम्स्टेलव्हेनकडे घर असेल तर विमानांच्या मार्गाची चौकशी करा, आणि वाऱ्याची दिशा बदलली की धावपट्टी बदलते, म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन ऐका.

नव्या हिरव्या वस्त्यांत घरांच्या मागून पाण्याचे चर जातात. दिसायला छान, पण कठडा नसतो. कोकणातलं पोर विहिरीत पोहायला शिकतं, तिथे पोहण्याची अ, ब, क अशी प्रमाणपत्रं असतात आणि पालक ती मुलांकडून पूर्ण करून घेतातच. मूल शिकेपर्यंत मागच्या दाराला कडी आणि चराच्या बाजूला जाळी, ही घर ताब्यात आल्यावर पहिल्या आठवड्याची कामं.

ताब्याच्या दिवशी नोटारीकडे जाण्याआधी घराची शेवटची पाहणी असते. वीज, गॅस, पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, प्रत्येक नळ सोडा, बॉयलर चालू करा आणि पायपुसण्याखालचं ते झाकण पुन्हा एकदा उचला. करारात राहणार म्हणून लिहिलेली वस्तू गायब असेल किंवा भिंतीवर नवीन ओल असेल, तर सही करण्याआधी नोटारीच्या टेबलावरच सांगायचं. किल्ली हातात आल्यावर ऐकून घेणारं कोणी नसतं.